गडग्यापलीकडचा दर

त्या दिवशी दुपारी आम्ही दोघांनी मिळून बांगडे साफ केले. मिळून म्हणजे ती मागच्या पडवीत विळीवर बसून कापत होती आणि मी बाजूला काठी घेऊन मांजर हाकलत होतो. एवढंच. दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम कोणतं असं कुणी विचारलं तर मला मांजर हाकललं असंच सांगावं लागेल.

एका बांगड्याच्या पोटात गाबोळी निघाली. अंड्यांची ती पिवळी पिशवी लग्न झाल्यापासून माझ्या ताटात पडत आलेली. ती माझी असं कधी ठरलं नव्हतं, पण होती माझीच. मी काही बोलणार तेवढ्यात गडग्यापलीकडून आवाज आला.

"वयनी, आज पण वर! नऊ पैसे!"

गडगा म्हणजे आमच्या आणि शेजाऱ्याच्या परड्यामधली जांभ्याची बुटकी भिंत. कमरेपर्यंत येते. पूर्वी मला ती पुरेशी वाटायची. शेजारी निम्मं आयुष्य दुबईत शिवणकाम करून घरी परतला, तेव्हापासून ती मला कमी पडायला लागली. त्याची बायको मुंबईला मुलाकडे असते, हा इथे एकटा. पांढरीशुभ्र लुंगी, केसाला कलप, हातात मोठा मोबाईल. रोज दुपारी त्या मोबाईलवर तो दिरहमचा दर बघायचा आणि गडग्यावर कोपर टेकून माझ्या बायकोला सांगायचा. मला नाही. तिला.

आता हे दिरहमचं काय, ते सांगतो. आमची एकुलती एक लेक दुबईत दिलेली. तिला मुलगा झाला, तो रांगायला लागला, चालायला लागला, आणि आम्ही सगळं मोबाईलच्या काचेतून बघितलं. लेक म्हणायची, या, तिकीट मी काढते. पण हिचं एक ठरलेलं. लेकीच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नाही आणि जावयाच्या पैशानं मासळी खायची नाही. तिथल्या बाजारात जाऊन स्वतःच्या पैशानं सुरमई घ्यायची, स्वतः कापायची आणि नातवाला काटा काढून भरवायची. त्यासाठी तिथलं चलन पाहिजे, आणि ते इथून बदलून न्यायचं. तिकिटाचे पैसेही आमचेच. आम्ही पासपोर्ट काढले. पैसे होते. फक्त बदलायचे कधी, तेवढं राहिलं.

ते मी ठरवणार होतो. का नाही ठरवणार? शाळा चौथीपर्यंतच झाली, पण चाळीस वर्षं मी मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळीचा लिलाव पुकारलाय. होड्या लांब दिसल्या की त्या पाण्यात किती बसल्यात ते बघून मी दर सांगायचो. सगळ्या होड्या एकदम आल्या की दर पडतो. एकटीच आली की चढतो. भाव म्हणजे काय ते मला शिंप्यानं शिकवायचं?

माझा हिशोब सरळ होता. मे महिन्यात आखातातली माणसं सुट्टीला गावी येतात. आमच्या आजूबाजूच्या गावांतून घराआड एक माणूस तिकडे आहे. सगळे खिशातून दिरहम घेऊन येणार, सगळे एकदम विकायला काढणार. होड्या लागल्या की दर पडणारच. मी तिला सांगितलं, मेपर्यंत थांब.

मे आला. माणसं आली. रोज कुणाच्या ना कुणाच्या दारात मोठमोठ्या बॅगा उतरत होत्या. दर चढला.

शेजारी गडग्यावरून हसला. "अरे, तो दर काय तुझ्या जेटीवर ठरतो? दिरहम डॉलरला बांधलेला आहे. ट्रॉलरच्या मागे डिंगी बांधतात ना, तशी. ट्रॉलर जाईल तिकडे डिंगी जाणार. डिंगीत माणसं किती बसली त्याला कोण विचारतो?"

हे त्यानं तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं. आणि ती हसली. डिंगीचं उदाहरण त्यानं माझ्याच धंद्यातून उचललं होतं, त्याचं तिला काही नाही.

मग मी म्हटलं, श्रावणात उतरेल. श्रावणात लोक खात नाहीत, सगळ्यालाच गिऱ्हाईक कमी. उतरला नाही. मग म्हटलं गणपती होऊन जाऊ देत. गणपती झाले. दुसरं वर्षही असंच गेलं. तो मेला दर भरतीसारखा होता, पण ओहोटी नसलेल्या भरतीसारखा. मध्ये एखादा दिवस चार पैसे खाली यायचा, मी मिशी पिळायचो, की दुसऱ्या दिवशी गडग्यावरून आवाज, "वयनी, परत वर!" त्याला कसला आनंद व्हायचा, मला कळत नव्हतं. खरं म्हणजे कळत होतं.

त्यानं तिला एक उपाय सांगितला होता. "वयनी, तुम्ही पावसाळ्याची आगोट करता ना? सुकी मासळी, मिरची, मीठ, सगळं एकाच दिवशी आणता का? दर बाजाराला थोडं थोडं. तसंच करा. दर महिन्याला थोडे बदला. चढला काय, उतरला काय, सरासरी पडेल."

तिला ते पटलं. मला संध्याकाळी जेवताना म्हणाली, "भावजी बोलतात ते बरोबर वाटतं वो."

"भावजी काय बँकेचा साहेब लागून गेला?"

"साहेब नाही. पण समजेल असं बोलतात."

हे मला लागलं. चाळीस वर्षं माझा आवाज त्या जेटीवर घुमला. माझ्या आवाजावर माणसं पैसे टाकायची. आणि माझ्या घरात समजेल असं बोलतो कोण, तर गडग्यावर टेकलेला शिंपी. तिच्या आगोटीच्या भाषेत बोलायचं मला सुचलं नाही, त्याला सुचलं. सुचलं म्हणून मी त्याचं ऐकणार होतो काय? अजिबात नाही. तो थोडे थोडे म्हणाला म्हणूनच मी एकदम म्हणालो. तो आता म्हणाला म्हणूनच मी नंतर म्हणालो. लोक मला सांगतात, तू चुकलास. सांगू देत. त्यांच्या बायका कुणाच्या आवाजासरशी हात पुसत उठत नाहीत.

कारण ती उठायची. हातातलं काम टाकून, पदराला हात पुसत गडग्यापाशी जायची. काय वर, काय खाली, मग त्याच्या सुनेचं दुखणं, मग आमच्या नातवाचा दात. मी आतून बोलवलं की म्हणायची, "आले, दर ऐकून येते." दर ऐकायला एवढा वेळ लागतो? मी एका श्वासात दहा टोपल्या विकायचो.

तर त्या दुपारी नऊ पैसे वर म्हणून आवाज आला. ती उठली नाही, हात बांगड्यात होते. बसल्या जागेवरून मला म्हणाली, "उद्या तरी जा नि बदलून आणा."

"उद्या उतरणार."

"कशावरून?"

"मला वाटतंय."

"तुम्हाला दोन वर्षं वाटतंय. पोर शाळेत जायला लागेल आता."

पलीकडून तो हसला. मी काठी आपटली. मांजर पळालं, तो नाही पळाला.

"एवढं वाटतं तर जा त्याच्याच बरोबर दुबईला," मी म्हटलं.

"गेले असते," ती म्हणाली, "पण तुम्हाला भात कोण घालणार? या मांजरावर लक्ष ठेवायला पण तुम्हाला माणूस लागतो." आणि परत हसली. ते हसणं मात्र माझं होतं. त्यात गडग्यापलीकडच्याला वाटा नव्हता.

मग तिनं कालवण केलं. तिरफळं घालून, पातळ, मला लागतं तसं. आणि वाटी भरताना तिनं ती गाबोळी उचलली आणि वाटीत घातली. त्याच्या वाटीत. मी बघतोय हे बघून म्हणाली, "असू दे. भावजींची दलाली. रोज फुकट दर सांगतात." वाटी नेहमीसारखी गडग्यावरून गेली. मी जेवलो, पण गाबोळीशिवाय जेवलो.

संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावायला गेली ती तिथेच बसली. म्हणाली, छातीत कसंतरी होतंय. गाडी शेजाऱ्याकडे होती, माझ्याकडे नव्हती. तो अनवाणी धावत आला. मी तिला मागे घेऊन बसलो, तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. तो पुढून सारखा म्हणत होता, "वयनी, आलं, आलं हॉस्पिटल." आणि मला त्या वेळी सुद्धा वाटलं, गप्प बस, तिच्याशी मी बोलतोय. मी बोलत नव्हतो. मला बोलता येत नव्हतं.

डॉक्टर बाहेर आला आणि त्यानं मान हलवली.

लेकीला फोन शेजाऱ्यानं लावून दिला. ती रडली, मग म्हणाली, "बाबा, मी निघते, मी येईपर्यंत आईला नेऊ नका." घटकाभरात तिनं तिकीट काढलं. दर काय चाललाय हे तिनं विचारलं नसणार. आणि मीही तिला थांब, उतरेल, असं म्हटलं नाही. लेकीसाठी हिला तिथेच हॉस्पिटलात थंड पेटीत ठेवलं.

घरी आलो तर माझी बहीण आणि वाडीतल्या बायका आलेल्या. आमच्यात माणूस गेलं की घरात शिजवलेलं ठेवत नाहीत. त्यांनी रीतीप्रमाणे सगळं बाहेर टाकलं होतं. कालवणाचं टोप घासून पालथं घातलं होतं. मी ते उचलून वास घेतला. राखेचा वास आला. बहीण म्हणाली, "काय शोधतोस रे?" मी म्हटलं, काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या पडवीत जाऊन बसलो. मांजर आलं. मी हाकललं नाही. लेक दुपारपर्यंत पोचायची होती. पलीकडे तो त्याच्या ओट्यावर बसलेला दिसत होता, मोबाईल बाजूला पालथा ठेवून. मी उठलो, गडग्यापाशी गेलो आणि उभा राहिलो.

"दर बोल," मी म्हटलं.

"आज कसला दर?"

"बोल म्हटलं ना."

त्यानं मोबाईल उचलला, बघितला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "उतरलाय. बराच उतरलाय. तू बोलला होतास तसा."

मी चाळीस वर्षं बोली लावणाऱ्यांची तोंडं बघितलीत. खोटी बोली मला आवाजावरून कळते. तो खोटं बोलत होता. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी बोलत होता. तिच्या नवऱ्याला आज तरी बरोबर ठरवावं म्हणून. त्यावरही मी जळलो. तिच्यासाठी खोटं बोलायचा हक्क त्याला कुणी दिला?

"खोटं बोलतोस," मी म्हटलं.

तो उठला. आत गेला आणि आमची वाटी घेऊन आला. वर बशी झाकलेली. "फ्रीजमध्ये होती," तो म्हणाला. "मी दुपारी निम्मंच खाल्लं. निम्मं रात्रीला ठेवलं होतं, नेहमीसारखं. आता याचं काय करू, तूच सांग. मला टाकवत नाही."

मी बशी उचलली. कालवण थिजलं होतं. गाबोळी तशीच होती, न मोडलेली.

सुतकात मासळी खात नाहीत हे मला माहीत आहे. ती अजून हॉस्पिटलात होती, हेही माहीत होतं. मी गडगा ओलांडला, या वयात, गुडघा खरचटला. त्याच्या ओट्यावर बसलो. तो म्हणाला, "गरम करून देऊ?" मी म्हटलं, "हात लावू नकोस." आणि मी ते थंडच खाल्लं, आधी कालवण, मग बांगड्याचा तुकडा, मग शेवटी गाबोळी. वाटी बोटानं पुसून चाटली. त्याला एक घाससुद्धा ठेवला नाही.