ताई, रोग आला!

बारामतीच्या आमच्या कॉलेजात लॅब अटेंडंट तात्यांइतके हात कुणी धुवत नसे. हरितगृहात शिरताना साबण, बाहेर पडताना साबण. तिथं तंबाखूच्या रोपांवर आम्ही मोझॅक रोगाचा विषाणू वाढवायचो. तो हाताच्या नुसत्या स्पर्शानं एका रोपावरून दुसऱ्यावर पसरतो, हे ऐकलं त्याच दिवशी तात्यांनी तंबाखू खाणं सोडलं. "पुडीतनंबी येतो म्हणं त्यो. मग कशाला?" एवढंच बोलले.

निमगाव केतकीहून ते रोज एसटीनं यायचे. माझं संशोधन त्यांना एकदाच सांगावं लागलं. हा विषाणू म्हणजे अतिसूक्ष्म काडी. तिच्या कवचावर सोन्याचे कण ओळीनं बसवायचे. पुढेमागे त्यातून आजार ओळखणारी तपासणी बनेल. "म्हंजी रोगालाच कामाला लावायचं," तात्या म्हणाले.

सोनं नीट धरणारी विषाणूची एक जात मी दोन वर्षं खपून मिळवली होती. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले आणि बदली माळ्यानं डागाळलेली पानं पाहून सगळी रोपं उपटून जाळली. त्याचं तरी काय चुकलं? फ्रीजमधला नमुना आधीच्याच प्रयोगात संपला होता. रिकाम्या कुंड्यांसमोर मी खाली बसले.

तात्यांनी कपाट उघडलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली वाळकी पानं पुढं केली. कागदावर पेन्सिलीनं विषाणूच्या त्याच जातीचा नंबर. "तुमीच म्हणला हुता, वाळल्या पानातबी त्यो जगतो. म्हणून दर खेपंला दोन पानं ठिवत गेलो."

पानं कुटून त्यांचा रस नव्या रोपांना चोळला. रोज सकाळी आम्ही दोघं पानं न्याहाळायचो. आठवडा कोरडा गेला. मग एके दिवशी मी फाटकातून आत येते तोच हाक आली, "ताई, रोग आला! रोग आला!" धावत गेले. कोवळ्या पानांवर फिकट ठिपके उमटले होते. इतकं हलकं मला त्यापूर्वी कधी वाटलं नव्हतं. तिथंच उभ्या उभ्या रडू आलं.

पुढं पुण्याहून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातला फोटो आला. राखाडी काडीवर काळे ठिपके, ओळीनं. तात्यांनी चष्मा पुसून पाहिला. "उसाच्या कांडीला मुंगळं लागल्यावानी दिसतंय की! पर सोनं काळं कसं?" या फोटोत रंग नसतात, सोनं इलेक्ट्रॉन अडवतं म्हणून काळं दिसतं, असं मी सांगितलं.

ते निवृत्त झाले त्या दिवशी मी त्यांना निमगाववरून जाणाऱ्या इंदापूरच्या गाडीत बसवायला स्टँडवर गेले. ते गाडीत चढेपर्यंत त्यांची पिशवी मीच धरून होते. ते मात्र खुशीत. खिडकीतून म्हणाले, "घरी टोमॅटो लावल्यात. एकच भ्या वाटतंय, ताई. पानावर ठिपका दिसला की मी नाचाय लागंन, आन् आमची मंडळी मला येड्यात काढंल."

गाडी सुटली, आणि स्टँडवर मी एकटीच हसत राहिले.