बाबांच्या फेऱ्या आणि वरचं प्रेशर

माझ्या सासऱ्यांचं सकाळचं फिरणं बंद करायचं घरात ठरलं, आणि त्याला पुरावा मी दिला. मी, खारघरच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारी बाई! अजून आठवलं की कान गरम होतात.

झालं असं. सोसायटीसमोरच्या बागेत बाबा रोज फेऱ्या मारायचे. परत आले की आई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांचं प्रेशर मोजायच्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकोनात लिहायच्या: फेऱ्या किती, वरचं प्रेशर किती. गॅस लावला, पाहुणे येणार, लाइट जाणार, हे सगळं त्याच चौकोनात.

दोनेक महिन्यांनी त्या म्हणाल्या, "अगं, हे जास्त फिरतात त्या दिवशी प्रेशर वरच दिसतंय. बंदच करूया का?"

"थांबा आई, असं अंदाजपंचे नाही ठरवायचं," मी म्हटलं, आणि मुलीचा आलेखाचा कागद घेऊन बसले. आडव्या रेषेवर फेऱ्या, उभीवर प्रेशर, एका दिवसाचा एक ठिपका. स्कॅटर प्लॉट! ठिपके डावीकडून उजवीकडे मस्त वर चढत गेले. फेऱ्या जास्त, तर प्रेशर जास्त. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! इतकं देखणं उदाहरण वर्गात दाखवायला कधी मिळत नाही. मग बाबांचा चेहरा दिसला.

"म्हणजे आता गॅलरीत बसून कुंड्यांना पाणी घालू?" ते म्हणाले. रिटायर झाल्यापासून त्यांची सगळी दोस्तमंडळी त्या बागेतल्या बाकावर. जेवण झाल्यावर त्यांनी फिरायचे बूट पुसून कपाटात ठेवून दिले.

मला काही चैन पडेना. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्या आल्या कागद पुन्हा काढला. चढत्या ठिपक्यांच्या बरेच खाली सातआठ ठिपके होते. फेऱ्या भरपूर, प्रेशर एकदम छान. वर्गात मी घसा फोडून सांगते, वेगळा पडलेला ठिपका सोडू नका, त्याची चौकशी करा. घरी मात्र मीच काणाडोळा केला होता. कॅलेंडर उतरवून पाहिलं, तर ते सगळे गुरुवार. आणि दर गुरुवारी आईंच्या अक्षरात लिहिलेलं: भजन.

"बाबा, गुरुवारी प्रेशर कोण मोजतं?"

"मीच. ही सकाळीच देवळात जाते ना. चहा होतो, पेपर होतो, मग निवांत मोजतो."

"आणि एरवी?"

"एरवी? बूट काढायच्या आत ही पट्टा आवळते!"

खरंच की! आई मशीन घेऊन दारातच उभ्या असायच्या. जास्त फेऱ्या म्हणजे जास्त धाप, आणि मोजणी त्या धापेतच. मग दोन आठवडे बाबांना आधी स्वस्थ बसवून मोजलं. या वेळी ठिपके बाजरी सांडावी तसे पसरले, चढ कुठे दिसेचना. डॉक्टर कागद बघून हसले. म्हणाले, "फिरू द्या की त्यांना. टेन्शन कशाला घेता?"

दुसऱ्या दिवशी बाबा फिरायला गेले तेव्हा मी आईंची चेष्टा केली, "काय हो आई, प्रेशर तुम्हीच वाढवत होता तर!"

त्या हसल्या नाहीत. "माझा दादा असाच सकाळी फिरायला गेला होता," त्या म्हणाल्या. "परत आला नाही. हे दारात दिसेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. हात हातात आला की बरं वाटतं. मशीनचं काय, निमित्त."

मला इतकी लाज वाटली! दोन महिने मी त्यांना दारात उभं राहिलेलं बघत होते, एकदा विचारलं नव्हतं.

बाबा आत आलेले आम्हाला कळलंच नाही. ते बूट न काढताच खुर्चीत बसले आणि हात पुढे केला. "घे, मोज."

"अहो, पाच मिनिटं तरी होऊ द्या," आई म्हणाल्या, आणि तोवर त्यांचा हात धरून बसल्या.