ढिगाखालचा हात

आमचे हे नळ दुरुस्त करतात आणि साडूवर जळतात. पहिलं काम पोटासाठी, दुसरं अगदी आवडीने. साडू म्हणजे माझ्या ताईचा नवरा, माझे भावजी. शाळेची बस चालवतात. अंगाने अजून सडपातळ, आणि क्लबात त्यांना सगळे ‘वारा’ म्हणतात. ह्यांना म्हणतात ‘ओंडका’. आता तुम्हीच सांगा, कुणाच्या पोटात दुखणार नाही?

क्लब रग्बीचा. माझ्या सासऱ्यांच्या जन्माआधीपासूनचा. विटांच्या कारखान्यातल्या कामगारांनी काढलेला. पहिला चेंडू एका चपला शिवणाऱ्याने शिवून दिला, तो अंड्यासारखा व्हायचा तर झाला भोपळ्यासारखा, आणि वर्षभर त्यानेच खेळले म्हणे. पुढे कारखाना बंद पडला, मैदान बदललं, पण क्लब काही बंद पडला नाही. खेळण्याचे पैसे इथे कुणालाच मिळत नाहीत. बेकरीवाला, गवंडी, मास्तर, कंपाउंडर, शनिवार दुपार झाली की सगळे चिखलात लोळायला हजर.

ह्या क्लबाचा इतिहास लिहीत नाहीत, सांगतात. हंगामाच्या पहिल्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत नवे-जुने सगळे बाकांवर दाटीवाटीने बसतात, ओल्या बुटांचा वास नाकात जात असतो, आणि एक माणूस पहिल्या चेंडूपासून सगळं सांगतो. त्याला म्हणतात ‘सांगणारा’. कप्तानापेक्षा त्याचा मान मोठा. नियम एकच, सांगणाऱ्याने स्वतःचं काही सांगायचं नाही. सुरुवातीला जो तो आपलीच टिमकी वाजवायचा. एका वर्षी त्यावरून जुंपली, बाकं मोडली, तेव्हापासून हा नियम आहे.

इतकी वर्षं सांगणारे होते घड्याळजी. बाजाराच्या तोंडाशी घड्याळदुरुस्तीचं दुकान, डोळ्याला भिंग, बोलणं मोजकं. एकेकाळी ह्यांच्या खांद्याला खांदा लावून खेळलेले. सांगायला बसले की शेवट कायम भावजींच्या ट्रायने. ट्राय म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवायचा. नदीपलीकडच्या संघाला आपण कधी हरवलंच नव्हतं. त्या दिवशी भावजी वाऱ्यासारखे सुटले, पण रेषेच्या अलीकडेच आडवे झाले. त्यांच्यावर पाच-सहा जण पडले. मागून ह्यांनी आणि घड्याळजींनी एकमेकांना धरून असा काही रेटा दिला की अख्खा ढीग रेषेपलीकडे सरकला. पंचाने वाकून पाहिलं, चेंडू टेकलेला दिसला, शिट्टी झाली. लोक उठले तेव्हा भावजी चेंडू छातीशी धरून हसत होते. संपलं. ट्राय त्यांच्या नावावर.

त्या हसण्याचा फोटो ताईच्या बाहेरच्या खोलीत आहे, कोचासमोर, दाराएवढा. आम्ही गेलो की ताई हमखास फडकं घेते आणि त्याची काच पुसते. एरवी त्या घरात धूळ पुसायला ती कधी उठल्याचं मला आठवत नाही.

आणि ह्यांचं म्हणणं, “तो ट्राय माझा. चेंडू माझ्या हाताखाली होता.” बाहेर अवाक्षर काढलं नाही, पण घरात ऐकून ऐकून माझे कान किटले. मोरीच्या नळाचा वॉशर बदलताना सांगतील, जेवताना हात पसरून दाखवतील. “हा असा तळवा, खाली चेंडू, खाली चिखल.” माझा त्यावर पूर्ण विश्वास. का नसावा? ढिगात ह्यांचा उजवा खांदा निखळला होता. घरी आले ते एक हात गळ्यात बांधून आणि डाव्याची मूठ गच्च आवळून. गारठ्याने बोटं उघडेनात. मी कोमट पाण्यात एकेक बोट सोडवलं, तर आत जर्सीचा फाटका तुकडा. आपल्याच क्लबाची निळी जर्सी. त्या तुकड्याने मी पुढे कित्येक दिवस कंदिलाची काच पुसली. अशा हाताने जिंकायचं आणि फोटो दुसऱ्याचा! माझ्याही अंगाचा तिळपापड व्हायचा.

यंदा घड्याळजींच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज पार बसला. हंगाम तोंडावर आलेला, म्हणून एका संध्याकाळी ते आमच्याकडे आले. मी चहा टाकला.

“यंदापासून तू सांग,” ते ह्यांना म्हणाले. घोगऱ्या आवाजात, पण स्पष्ट.

ह्यांचा चेहरा आधी फुलला, मग उतरला. मला लगेच कळलं. सांगणारा व्हायचं म्हणजे स्वतःचं तोंड कायमचं शिवायचं. वर साडूचा ट्राय दरवर्षी आपल्याच तोंडाने गायचा.

“दादा, पण जे सांगतोय तेच चुकीचं असेल तर?”

“काय चुकीचं?”

इतकी वर्षं कोंडलेलं एकदम बाहेर आलं. “तो ट्राय त्याचा नाही. माझा आहे! माझ्या हाताखाली होता चेंडू!”

घड्याळजींनी बशीतला चहा संपवला. “कुठल्या हाताखाली?”

“डाव्या. उजवा तर निखळला होता.”

“डाव्या हाताने तू माझी जर्सी धरली होतीस. काखेपाशी. रेषेअलीकडे धरलीस ती फाटून हातात येईपर्यंत सोडली नाहीस. तो तुकडा काय झाला रे?”

हे माझ्याकडे वळून पाहायला लागले. जेवणाच्या टेबलावर कितीदा दाखवलेला तो तळवा अर्धवट उघडाच राहिला. मी नुसतं ‘आठवत नाही’ म्हटलं असतं तर भागलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण ह्यांनी स्वतःच मूठ मिटली, पाहिली, आणि मला काही बोलावंच लागलं नाही.

“म्हणजे वाऱ्याचाच,” हे खुर्चीत बसत म्हणाले. इतका लहान आवाज मी ह्यांचा ऐकला नव्हता.

“त्याची मान माझ्या पोटाखाली होती आणि हात त्याच्याच छातीखाली अडकलेले,” घड्याळजी म्हणाले. “शिट्टी झाल्यावर चेंडू समोर दिसला, तो त्याने उचलला. बिचाऱ्याला वाटलं, आपणच टेकवला. अजून वाटतं.”

“मग कुणाचा हात होता?”

घड्याळजी उठले, टोपी घातली. “मी सांगणारा आहे,” ते म्हणाले. “स्वतःचं सांगायचं नाही.”

ते जिना उतरून गेले तरी आम्ही दोघं त्यांच्या रिकाम्या कपाकडेच बघत होतो.

पहिल्या शनिवारी ह्यांनी सांगितलं. खिडकीबाहेर बायकांच्या घोळक्यात मी आणि ताई उभ्या होतो. ह्यांनी वाऱ्याचा ट्राय असा रंगवला की नवी पोरं बाकावर उभी राहिली आणि भावजींनी डोळे पुसले. घड्याळजी कोपऱ्यात बसून घड्याळाला किल्ली देत होते. ह्यांची नजर सारखी तिकडे जात होती.

साडूचं आता ह्यांना काही वाटत नाही. जळतात ते घड्याळजींवर. “एक अक्षर नाही बोलला गं तो,” जेवता जेवता घास तसाच ठेवून म्हणतात. “दरवर्षी स्वतःच्या तोंडाने दुसऱ्याचं नाव घेतलं. मला नसतं जमलं. मला आत्ताही जमत नाहीये.” चेंडू टेकवण्यापेक्षा हे मोठं, आणि तेही दुसऱ्यानेच केलेलं, हे ह्यांना सहन होत नाही. मला मात्र बजावलंय, ताईला कळता कामा नये.

परवाच तिच्याकडे गेले होते. मी कोचावर टेकते न टेकते तोच तिने फडकं घेतलं. एका वाक्यात तो फोटो भिंतीवरून खाली आला असता. मी चहाचा घोट घेतला आणि म्हटलं, “ताई, तो डावा कोपरा राहिला बघ.”