कचरूरावांची फिरती ढाल

आमच्या वारज्याच्या सोसायटीत वजन घटवण्याची स्पर्धा सुरू झाली ती २००७ साली, आणि ती सुरू करण्याचं पाप माझं. मी सोसायटीचा सचिव. निम्म्या फ्लॅटांत आयटीतली मुलं राहायची. दिवसभर खुर्चीत बसून त्यांची पोटं पगारापेक्षा वेगाने वाढत होती. म्हटलं, सहा महिने देऊ. जो सर्वांत जास्त घटवेल त्याला फिरती ढाल.

ढाल पटकावली मात्र कचरूराव कांबळे यांनी, वय एकसष्ट. टेलिफोन खात्यातून निवृत्त. एके काळी घरी फोन यावा म्हणून लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे आणि कचरूराव दिसले की रस्ता ओलांडून नमस्कार करायचे. मोबाइल आले, आणि तेच लोक कानाला फोन लावून समोरून निघून जाऊ लागले. या अपमानावर उतारा म्हणून कचरूराव दोन वेळच्या नाश्त्याला लागले आणि ब्याण्णव किलोंवर गेले.

स्पर्धेसाठी त्यांनी काय केलं, तर चालले. सकाळी टेकडी, संध्याकाळी टेकडी, जेवायला काकडी. त्यांच्या पत्नी प्रेमलाताई तीस वर्षं दवाखान्यात नर्स होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, नुसतं चालून आणि उपाशी राहून चरबीबरोबर अंगातली ताकदही जाते. थोडी वजनं उचला, अंडी खा."

"वजन उचलून वजन वाढतं," कचरूरावांनी शास्त्र सांगितलं. टेलिफोनवाल्याने, नर्सला.

शेवटी काटा एकाहत्तरवर आला. मी टाळ्यांच्या गजरात ढाल दिली आणि नोटीस बोर्डावर आकडा लावला. त्यांचा सदरा दोरीवर वाळत घातल्यासारखा दिसत होता, पण विजेत्याला असं सांगायचं नसतं.

दीड महिन्याने प्रेमलाताईंना पक्षाघात झाला. डावी बाजू गेली. जीभ शाबूत राहिली, आणि त्याची फळं घरी आलेल्या प्रत्येक आयाने भोगली. "कंबरेत नाही, गुडघ्यात वाक." "पेशंट आहे मी, पोतं नाही." महिन्याभरात तीन बायका पळाल्या. मग कचरूराव स्वतःच पुढे झाले. पलंगावरून खुर्चीत बसवायचं, एवढंच काम. अर्ध्यात त्यांचे हात थरथरले आणि दोघंही फरशीवर आले. आवाज ऐकून मी आणि वॉचमन भैरू धावलो. प्रेमलाताई खालूनच म्हणाल्या, "या सचिव. तुमचा विजेता उचला आधी."

त्यांची मुलगी चैताली हडपसरच्या आयटी पार्कात नोकरीला. पुढच्याच रविवारी ती लोणी काळभोरच्या एका शुश्रूषा केंद्राचा फॉर्म घेऊन आली.

"पप्पा, उद्या पुन्हा पडलात तर? मला हडपसरहून रोज यायला जमत नाही. तिथे स्टाफ आहे, मम्मीची नीट केअर होईल."

यात खोटं काहीच नव्हतं. प्रेमलाताई एक शब्द बोलल्या नाहीत, आणि त्यांचं ते गप्प बसणं मला बघवेना. कचरूरावांनी दिवाळीपर्यंत मुदत मागून घेतली. तोवर सरुबाई नावाची चौथी आया मिळाली. तिला कमी ऐकू यायचं, म्हणून टिकली. पण दिवाळीला ती गावी जाणार होती, ती कायमची.

कचरूराव नाक्यावरच्या जिममध्ये दाखल झाले. तिथला ट्रेनर सौरभ त्यांच्या मुलीपेक्षाही लहान. "काका, कार्डिओ सोडू नका, टेकडी चालू ठेवा. पण वीकमध्ये तीन दिवस वेट्स मस्ट. आणि काकडी बास झाली, प्रोटीन खा." त्याने जमिनीवरचा लोखंडी दांडा उचलायला शिकवला: गुडघे वाकवा, पाठ सरळ, वजन अंगाजवळ. कचरूरावांनी घरी येऊन केरसुणी हातात घेऊन ते बायकोला करून दाखवलं.

"हेच मी तीस वर्षं वॉर्डात सांगत होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही फी भरून ऐकलंत."

चार महिन्यांत त्यांचं वजन चौऱ्याहत्तर झालं, आणि इथे माझ्यातला सचिव जागा झाला. स्पर्धेचे नियम मीच लिहिलेले. घटवलेलं वजन वर्षभर टिकवणं बंधनकारक होतं. ढाल परत करावी म्हणून मी दोन नोटिसा पाठवल्या. उत्तर नाही. दिवाळीच्या आधीच्या रविवारी तिसरी घेऊन स्वतःच गेलो. हो, मी असा माणूस आहे.

आत गेलो तर ढाल पलंगाशेजारी आडवी ठेवलेली, तिच्यावर औषधांच्या गोळ्या. चैताली भरलेला फॉर्म घेऊन बसली होती, सही तेवढी राहिली होती. सरुबाई आदल्या दिवशीच गेली होती.

"बसा," कचरूराव मला म्हणाले. "आधी हिला खुर्चीत बसवतो."

ते पलंगासमोर उभे राहिले. प्रेमलाताईंनी चांगला हात त्यांच्या खांद्यावर टाकला. कचरूराव गुडघ्यात वाकले, त्यांना जवळ घेतलं आणि सरळ झाले. प्रेमलाताई उठल्या. हात थरथरले नाहीत. एक पाऊल वळून त्यांनी बायकोला खुर्चीत अलगद टेकवलं. चैतालीने तोंडावर हात धरला होता. मी नोटीस खिशात घातली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि सचिवाला ते शोभत नाही हे मला मान्य आहे.

प्रेमलाताईंनी पदर सारखा केला.

"शेवटी शेवटी पाठ वाकली तुमची," त्या नवऱ्याला म्हणाल्या. मग चैतालीकडे वळल्या. "तो फॉर्म रद्दीत टाक. यांना अजून बरंच शिकवायचंय मला."

कचरूराव "बरं" म्हणाले आणि पुन्हा गुडघ्यात वाकले.