धोंडूमामांचा कान

माझ्या गाडीला मोठी थ्रॉटल बॉडी बसवायची अक्कल माझीच. गाडी बारा वर्षं जुनी, तीही सेकंडहँड, आणि मला ती घाटकोपरच्या उड्डाणपुलावर सगळ्यांच्या पुढे काढायची होती. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण अक्कलही नसते हे कुणी सांगत नाही. थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप. कंपनीच्या झडपेपेक्षा मोठी झडप, अॅल्युमिनियमचा जाड पाइप आणि लालभडक फिल्टर असा सगळा संच मी ऑनलाइन मागवला, खोका काखेत मारला आणि वाकोल्याला धोंडूमामांच्या गॅरेजवर गेलो.

मामा म्हणजे धोंडू परब. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा ते वीस वर्षांचे होते. घरचे कुडाळला परत गेले आणि मामांनी इथे पाना हातात घेतला. माझे बाबा त्यांच्याकडे स्कूटर न्यायचे, म्हणून मीही त्यांचाच. त्यांच्याकडे दोष सांगणारं यंत्र नाही. लाकडी मुठीचा हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर आहे. त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. तेव्हा गॅरेजमध्ये कुणी बोलायचं नाही. वरून विमान गेलं तर ते पूर्ण जाईपर्यंत थांबायचं. मग मामा डोळे उघडून दोष सांगणार आणि तो तिथेच सापडणार.

पलीकडच्या गल्लीत कॉम्प्युटर लावून दुरुस्ती करणारं चकाचक गॅरेज निघालं तेव्हा मामांची निम्मी गिऱ्हाइकं तिकडे गेली. उरली ती फक्त या कानासाठी येत होती. कान गेला तर मामांचं मेकॅनिकपण गेलं, हे त्यांना माहीत होतं आणि आम्हालाही.

खोका उघडून त्यांनी झडप हातात फिरवली. "कंपनीने अडाणी माणसं ठेवलीयत का रे? त्यांनी लहान दिली ती काय उगाच?"

"मामा, जास्त हवा गेली की पिकअप वाढतो."

"बरं. तुझी गाडी, तुझी वाट."

गुरुवारी दुपारपर्यंत काम झालं. जुनी झडप निघाली. नवीन झडपेची भोकं इंजिनाला जुळत नव्हती, म्हणून संचात आलेली एक धातूची पट्टी मधे बसवली. पाइप चढला, फिल्टर चढला. मामांनी किल्ली फिरवली आणि गाडीला भूत लागलं. पाय न लावता रेस आपोआप वर जाई, खाली येई, बंद पडता पडता पुन्हा वर.

मामांनी स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला. आम्ही गप्प. दोन मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले, पण दोष सांगितला नाही. असं मी कधी पाहिलं नव्हतं.

"कुठून हवा खेचत असेल तर आवाज येतो," ते शेवटी म्हणाले. "आवाज नाही. म्हणजे हवा नाही. मग काय?"

शुक्रवारी त्यांनी सगळं उतरवून पुन्हा चढवलं. प्लग बदलून पाहिले. वायरी एकेक करून चाचपल्या. रेस वर-खालीच. शनिवारी सकाळी तिसऱ्यांदा खोललं. एक जुनं गिऱ्हाईक रिक्षातून उतरलं, थोडा वेळ ही वर-खाली ऐकत उभं राहिलं आणि "नंतर येतो" म्हणून गेलं. मामा त्याच्या पाठीकडे बघत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या हौसेपायी या माणसाचं नाव चाललं होतं, आणि नक्की काय बिघडलंय ते दोघांनाही कळत नव्हतं.

"मामा, राहू दे. जुनी झडप परत लावा."

"गप रे. जुनी लावली तर मला कधीच कळणार नाही."

दुपारी मामांची बायको, सुगंधामामी, डबा घेऊन आली. गाडी चालूच होती. मामी दारातच थांबली.

"ही शिट्टी कसली वाजता?"

"खंयची शिट्टी?" मामा म्हणाले.

"ही काय. बारीक. माका थंय रस्त्यापासून आयकाक येता."

"अहो मामी, ती फिल्टरची," मी म्हणालो. "अशा गाड्यांना ती असतेच." खरं म्हणजे गुरुवारपासून मी ती शिट्टी ऐकत होतो आणि मनातल्या मनात खूश होतो. रेसिंगच्या गाडीचा आवाज फुकटात आला, असं मला वाटत होतं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला पण ऐकू येते?"

मी मान हलवली. तेव्हा मला कळलं आपण काय बोललो ते.

मामीने डबा खाली ठेवला, वाकली आणि नवीन पट्टीच्या खालच्या कडेकडे बोट दाखवलं. "हयसर." मामांनी बोटभर ग्रीस घेऊन तिथे थापलं. शिट्टी थांबली. रेस एका जागी येऊन शांत बसली. मामांना शिट्टी थांबलेली कळली नाही, रेस बसलेली तेवढी कळली. त्यांनी इंजिन बंद केलं, पट्टी उतरवली. तिच्या मागचं गॅस्केट, म्हणजे फटीतून हवा जाऊ नये म्हणून लावतात तो पातळ पुठ्ठा, एका कोपऱ्यात नखाएवढं दुमडलेलं होतं. तीनही वेळा त्यांनी तेच बसवलं होतं.

त्यांनी नवीन गॅस्केट कापलं, बसवलं, बोल्ट आवळले. मग फडक्याला हात पुसत मामीला विचारलं, "तुका ठावक होता?"

मामीने होकारार्थी मान हलवली.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. दारार ती बारीक चिवचिवणारी चिमणीची बेल आसा ना, ती तुमका आयकाक येना नाय. दर्शना दोनदा येवन गेली. मी बाजारात होतंय. बेल वाजवून वाजवून परत गेली बोरिवलीक. आणि तुमी म्हणतास, लेकीक बापाशीची याद येना नाय."

"माका सांगलंस कित्याक नाय?"

"सांगलंय असतंय तर तुमी उद्यापासून घरात बसला असता."

मामा स्टुलावर बसले. डबा कुणी उघडला नाही. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं, पण गाडी माझी होती. बऱ्याच वेळाने ते उठले, मामीच्या हातात गॅरेजच्या चाव्या दिल्या आणि माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसले.

"बोरिवलीला घे. टेस्ट होईल."

हायवेला गाडी छान पळाली, पण मी वेगाचं काही बोललो नाही आणि त्यांनीही इंजिनाबद्दल एक शब्द काढला नाही. दर्शनाच्या दारापर्यंत मी त्यांच्यामागून गेलो. त्यांनी बेल दाबली. आत चिमणी चिवचिवली. मामा थांबले, दाराकडे बघत राहिले आणि पुन्हा दाबली. मग पुन्हा. आतून दर्शना "आले, आले, किती वाजवता" म्हणत येत होती, आणि मामांचं बोट बेलवरून हलत नव्हतं.