ट्रॉलीच्या दिव्यांची अर्थिंग वायर

ऐंशीच्या दशकात पांढुर्ण्यात माझं गाड्यांच्या वायरिंगचं छोटं दुकान होतं. तिथे मी एक खोटं बोललो. ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.

सौंसरचा एक संत्र्याचा व्यापारी जीप घेऊन आला. मागे ट्रॉली. ब्रेक दाबला की ट्रॉलीचे लाल दिवे लागायचे सोडून दोन्ही इंडिकेटर मिणमिणत. वायरिंग मोहगावच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने केलेलं. मी बल्ब पाहिले, फ्यूज पाहिला, सगळे जोड उघडले. काम स्वच्छ होतं, माझ्यापेक्षा स्वच्छ. शेवटी ट्रॉलीच्या लोखंडाला एक वायर लावून तिचं दुसरं टोक जीपच्या बॉडीला टेकवलं. दिवे लख्ख लागले.

तेव्हा आमच्याकडे ट्रॉलीला वेगळी अर्थिंग वायर कुणी टाकत नसे. करंट जीप-ट्रॉली जोडणाऱ्या लोखंडी हुकातूनच जीपमध्ये परत यायचा. मी हुक पाहिला. व्यापारी दर शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला जायचा आणि दर्शन झालं की हुकाला तेलातला शेंदूर लावायचा. थरावर थर बसले होते. त्यातून करंट जाईना.

मी बौद्ध. तुमच्या मारुतीच्या शेंदरानं दिवे बंद पडले, हे वाक्य मी मनात चार तऱ्हांनी बोलून पाहिलं. चारही वेळा ते भांडणासारखंच वाटलं.

"काय निघालं बे?" व्यापाऱ्याने विचारलं.

"मिस्त्री अर्थिंगची वायर टाकायला विसरला, शेठजी."

"म्हातारा झाला तो. आता नाही देत त्याला काम."

मी ती वायर जोडून दिली. हुकाला हात लावला नाही. व्यापाऱ्याने ही गोष्ट साऱ्या सौंसरला सांगितली.

आठवड्याने मिस्त्री सायकलवर माझ्या दुकानी आला. बसला नाही.

"वीस वर्षं हुकातून करंट येऊन राहिला. मंग याच ट्रॉलीत काहून नाही आला?"

"हुक झिजला असंल, काकाजी."

त्याने यावर बराच विचार केला. "मंग माह्या साऱ्याच ट्रॉल्यांचे झिजले असतील," म्हणाला, आणि गेला.

महिनाभराने मी कामासाठी रामाकोन्याला गेलो, तर तो जीपला जोडलेल्या एका ट्रॉलीखाली उताणा पडलेला. सायकलला वायरचं भेंडोळं. आपण वायरिंग केलेल्या एकेका ट्रॉलीला शोधून तो अर्थिंग टाकत फिरत होता. वायर त्याची स्वतःची.

"बरं झालं तू पकडलं, बाबू," तो खालून म्हणाला. "नाही तं माह्यापायी मागून कोणी ठोकलं असतं. आलाच तं जीपमध्ये बस, ब्रेक दाब."

खरं सांगायला ती जागा चांगली होती. तिसरं कुणी नव्हतं. मी जीपमध्ये बसलो, ब्रेक दाबला.

"लागले का, काकाजी?"

"लागले. दाबून ठेव."

मी दाबून ठेवला.