गुंडूभाऊंनी अडवलेलं नाव

वरूडच्या मंडीत ट्रक लागला की गुंडूभाऊ आधी ड्रायव्हरला चहा पाजत आणि विचारत, "बावा, तुमच्या मुलखात 'गुंडू' म्हंजे काय?" संत्र्याच्या पेट्यांचं बोलणं त्यानंतर.

जन्मल्या जन्मल्या आजीनं लुगड्यात गुंडाळलं म्हणून गुंडू, एवढीच त्यांच्या नावाची कथा. साठ वर्षं त्यात काही अडलं नाही. एकदा हौसेनं ते मालाच्या ट्रकसोबत दक्षिणेत गेले. हैदराबादेत नाव सांगताच हमाल त्यांच्या डोक्याकडे बघून हसले. तेलुगूत गुंडू म्हणजे चकोट केलेलं डोकं. चेन्नईत लोक पोटाकडे बघून हसले. तमिळमध्ये गुंडू म्हणजे जाडा. भाऊंकडे दोन्ही ऐवज होते.

पुढं नात झाली आणि भाऊंनी फर्मान काढलं, "पोरीचं नाव आपून चारी मुलखात इचारूनच ठेवू." सूनबाईंना 'कळी' आवडलं होतं. तमिळ ड्रायव्हर म्हणाला, आमच्याकडे तुरुंगात देतात त्या नाचणीच्या घट्ट पेजेला कळी म्हणतात. कळी बाद. 'निला' म्हणजे तमिळमध्ये चंद्र निघाला. सगळे खूश, पण भाऊ म्हणाले, "चंद्राले डाग असते." मी भाऊंचा मंडीतला मुनीम; बाद नावांची यादी माझ्या वहीत असायची, हा माझाही गुन्हा. चार महिने झाले तरी पोर नुसती 'पोट्टी'च. सूनबाई रडकुंडीला आल्या. माझी लेक आहे का मंडीतला माल, असं विचारून त्यांनी सासऱ्यांशी बोलणंच सोडलं.

शेवटी भाऊंची लेक वर्षा अकोल्याहून आली आणि तिनं बारसं ठरवलं. भाऊ फाटकातच नाव विचारायला उभे. आत्यानं नाव आधी बाळाच्या कानात सांगायचं असतं, आपल्या बापाच्या नाही, असं म्हणून ती आत गेली. भाऊंनी तरी तीन ड्रायव्हर मांडवात पुढं बसवलेच.

वर्षानं पाळण्यात वाकून कुर्र केलं, बायांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले, आणि नाव कळलं: ओवी. तेवढ्यात जिलबी खाणाऱ्या एका ड्रायव्हरनं हात वर केला. सूनबाईंचा चेहरा पांढरा पडला. भाऊंनी त्याचा हात धरून खाली केला.

"सांगू नको बावा. आता या नावाचा अर्थ थे पायन्यात झोपली आहे."

सूनबाईंनी पोर उचलून त्यांच्या मांडीवर दिली आणि म्हणाल्या, "मारा आता हाक." भाऊंनी दोनदा तोंड उघडलं, पण चार महिने अडवलेलं नाव काही केल्या बाहेर येईना.